वहिनीचा कॉम्प्युटर आणि मी हटवलेलं अतिक्रमण

आमच्या फेरीवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष मी, पण संघटना चालवते माझी वहिनी. हे मी सभेत कधी बोललेलो नाही. इथे लिहितोय, कारण हा मजकूर टाइप तीच करणार, आणि मी वाक्य गाळलं तर ती आपल्या हातानं घालेल.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. लग्नाआधी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. छापखान्यात कॉम्प्युटर आला, तर तोही शिकली. पुढे छापखाना बंद पडला, तेव्हा मालकानं निरोप देताना तो कॉम्प्युटरच तिच्या हवाली केला. सायकलदुकानामागच्या आमच्या खोलीत आता त्याचा मुक्काम. जुन्या पडद्याचा झगा शिवलाय तिनं त्याला. खुर्चीवर मांडी घालून बसते, टाइप करताना ओठ हलतात, आणि कुणी मागून डोकावलं की मान न वळवता म्हणते, "मानेवर श्वास सोडू नका, काय ते पुढे येऊन बोला." टेबल वीतभर. म्हणून डाव्या हाताला एक स्टूल. हातातलं काम टेबलावर, जरा थांबलेलं स्टुलावर. त्या स्टुलावर एकदा भाऊ बसला होता. पुन्हा नाही बसला.

मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. कायदा, माइक, साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवणं, सगळं स्वतःच्या हिमतीवर शिकलो. कॉम्प्युटरसुद्धा. निदान मला तसं वाटत होतं.

त्या आठवड्यात लढाई होती किल्लीकाकांची. चौकात भिंतीला टेकून त्यांची किल्ल्या बनवायची पेटी असते. नगरपालिकेची नोटीस आली: पेटी बहुतेक वेळ बंद दिसते, जागा वापरात नाही, सबब हटवण्यात येईल. अहो, बंद दिसणारच! काका कुणाच्या तरी घराचं अडकलेलं कुलूप उघडायला गेलेले असतात. हरकत नोंदवायची मुदत शुक्रवारी कचेरी बंद होईपर्यंत. वहिनी रस्त्याचा मोठा नकाशा तयार करत होती, प्रत्येक पेटीचा, गाड्याचा फोटो जागच्या जागी लावून.

बुधवारी ती बहिणीकडे गेली, आणि माझी भाषणं कॉम्प्युटरमध्ये मावेनात. व्हिडिओ हो, माझे. डिस्क भरली म्हणाला. शोधलं, तर एक भलीमोठी लपलेली फाइल सापडली. नाव विचित्र, उघडत नाही, कामधाम काही नाही, नुसती जागा अडवून बसलेली. उडवायला गेलो तर म्हणे वापरात आहे. वापरात! माझं डोकं सणकलं. इंटरनेटवर वाचलं: हिला स्वॅप फाइल म्हणतात, व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. त्याखाली आणखी चार परिच्छेद होते. अध्यक्षाला एवढं वाचायला वेळ कुठला? बंद केली. कॉम्प्युटरनं इशारा दिला. आजवर एकाही नोटिशीला भीक न घातलेला माणूस मी, ओके दाबलं. मशीन बंद करून चालू केलं, फाइल गायब. मोकळ्या जागेत माझी भाषणं ऐसपैस बसली.

शुक्रवारी दुपारी वहिनीनं नकाशा उघडला. फोटो चढू लागले, आणि मेमरी कमी पडतेय असं सांगून प्रोग्राम धाडकन बंद. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. किल्लीकाका बाकावर हातातली नोटीस घडी करत होते, उलगडत होते.

"व्हायरस!" मी गरजलो. "यात नगरपालिकेचा हात आहे!"

वहिनीनं मान वळवली. म्हणजे प्रकरण गंभीर. "भाऊजी, तुम्ही कशाला हात लावलात?"

"मी? मी साफसफाई केली. एक फुकट बसलेली फाइल हटवली."

ती उठली. स्टुलावरचे गठ्ठे उचलून एकेक माझ्या हातांवर ठेवू लागली. "धरा. हेही धरा. आणि हा भोकं पाडायचा पंच."

"वहिनी, पडेल!"

"मग ठेवा की स्टुलावर." आणि पायानं स्टूल मागे सरकवलं. पंच माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. "मशीनची मेमरी माझ्या टेबलाएवढी. आत्ता लागत नाही ते बाजूला ठेवायची जागा म्हणजे ती फाइल. तीच काढलीत. आता सगळं हातात धरून उभं राहा म्हणताय त्याला."

"पण ती तर नुसती बसून होती! मी डोळ्यांनी पाहिलं, काही करत नव्हती!"

किल्लीकाकांनी नोटीस माझ्यापुढे धरली. "अध्यक्ष, यांनीपण हेच लिहिलंय."

अंगठा ठणकत होता. मी अंगठ्याकडेच बघत राहिलो.

वहिनी सेटिंगमध्ये शिरली. "ठेवते परत. पण ठेवू कुठे? जागा तुमच्या भाषणांनी खाल्लीय."

"पेनड्राइव्हवर काढू या."

"एवढे व्हिडिओ निघेपर्यंत कचेरीला कुलूप लागेल."

"लागू दे, काका उघडतील," म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही.

"कुठलं उडवू?"

"पहिलं उडव. चौकातलं नको, त्यात टाळ्या आहेत."

"टाळ्या तुमच्या भावाच्या आहेत. कोपऱ्यात दिसतोय एकटा."

"मोर्चाचं राहू दे, काकांना आवडतं ते."

"मी झोपलो होतो," काका म्हणाले. "रागावू नका. सावली चांगली होती."

सगळी उडवली. कचऱ्याच्या डब्यातूनही काढली, कारण तिथे असली तरी जागा अडते म्हणे. सेटिंग पूर्ववत केलं, मशीन बंद करून चालू केलं. नकाशा म्हाताऱ्यासारखा कण्हत, थांबत थांबत, पण उघडला. छापला. आम्ही तिघं पळतच कचेरीत पोचलो. कारकून खिडकीची फळी ओढत होता.

त्यानं नकाशा पाहिला. "पेटी तर नेहमी बंदच असते हो."

माझी छाती भाषणासाठी फुगली. मागून वहिनी खाकरली. मी म्हणालो, "बंद असते तेव्हा काका कुणाचं तरी दार उघडत असतात. पेटी हलवली, तर दारात अडकलेल्यानं काकांना शोधायचं कुठे?"

कारकुनानं जरा विचार केला आणि शिक्का मारला.

सुनावणीत पेटी जागेवर राहिली. त्या आनंदात चौकात मी बोलायला उभा राहिलो, भाऊ मोबाइल धरून समोर.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "दोन मिनिटं. तेवढीच जागा ठेवलीय."

त्याआधीच संपवलं. टाळ्या पडल्या, आणि या वेळी भावाचे दोन्ही हात मोबाइलमध्ये अडकलेले होते.