ताट पाहून केलेलं निदान

"तुम्हाला गहू चालत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चार दिवसांचं पथ्य म्हणून नाही, कायमचाच. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, साधं बिस्कीटसुद्धा नाही."

टेबलावर माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट होता. सिलिअ‍ॅक डिसीज. हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी एका कोऱ्या कागदावर लहान आतड्याचं चित्र काढलं. आतड्याला आतून टॉवेलसारखी बारीक लव असते. खाल्लेल्या अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं ही लव शोषून घेते आणि रक्ताला देते. हा आजार असलेल्या माणसाच्या शरीराला गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन शत्रू वाटतं. शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि त्या लढाईत आपलीच लव कापून टाकतं. माझ्या आतड्याची लव झडून सपाट झाली होती. मी काहीही खाल्लं तरी त्यातलं फारसं काही आत जातच नव्हतं.

मी विचारलं, "म्हणजे मी गोश्त खात नाही म्हणून हे झालेलं नाही?"

बाईंनी मान वर केली. "गोश्ताचा इथं काय संबंध?"

माझे मिस्टर अन्वर शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. निदान ऐकल्यावर लोकांना भीती वाटते म्हणतात. मला भीती वाटली नाही. मला राग आला. तो राग अजून आहे, आणि त्याच्यासकट मी हे लिहिते आहे, कारण माझ्यासारखीच एखादी बाई आत्ता कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर स्वतःलाच दोष देत बसलेली असणार.

मी रुबिना. शहरातल्या एका मराठी शाळेत शिकवते. माहेर अजिंठ्याचं, तिथं अब्बांचं कापडाचं छोटं दुकान. मी लहानपणापासून गोश्त खात नाही. त्यामागं काही तत्त्व नाही, नवस नाही, कुणाचा उपदेश नाही. वास सोसत नाही आणि घास उतरत नाही, एवढंच. घरात गोश्त शिजलं की माझ्यासाठी वेगळ्या पातेलीत डाळ असायची, अंबाडीची भाजी असायची, आणि भाकरी तर रोजचीच. कुणी पाहुण्यानं छेडलं की अब्बा म्हणायचे, "नै खाती तो नै खाती. जबरदस्ती का खाया अंग को नै लगता." विषय तिथंच संपायचा.

लग्न होऊन शहरात आले आणि भाकरी सुटली. सकाळी चहाबरोबर पाव नाहीतर बिस्किटं, डब्यात पोळी, रात्री पोळी. घरी नान-खलिया असला की बाकीचे गोश्ताच्या खलियावर तुटून पडायचे आणि मी दह्याबरोबर नान खायचे.

आधी थकवा आला. शाळेचा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहायचे. मग पोट फुगायला लागलं, पातळ शौचाला होऊ लागलं, सारखं तोंड यायचं. वर्गात फळ्यावर लिहिताना हात दुखून यायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातवर आलेलं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा भाग. तो कमी झाला की माणूस बसल्या जागी दमतो.

घराजवळच्या डॉक्टरांनी केसपेपरवरचं नाव वाचलं आणि हसून म्हणाले, "तुमच्यात तर रोज गोश्त असतं, मग रक्त कसं कमी? कलेजी खा, कलेजी." मी काही सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. माझं नाव वाचून त्यांनी माझं ताट ठरवून टाकलं. मी काय खाते, हे त्यांनी विचारलंच नाही.

लोहाच्या गोळ्या घेतल्या, महिनोन्महिने. काही फरक नाही. मग जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. या वेळी मी आधीच सांगून टाकलं, "सर, मी शाकाहारी आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कोडं सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मग प्रॉब्लेम इथंच आहे. हे शाकाहार वगैरे तुम्हाला झेपणारं नाही. गोश्त सुरू करा." शिवाय आहाराचा एक छापील कागद दिला. त्यात गव्हाचा दलिया होता, मल्टिग्रेन पोळी होती, मोड आणलेले गहू होते.

पुढची कुठलीही तपासणी नाही. पहिल्या डॉक्टरांना मी मांसाहारी वाटले म्हणून तपासलं नाही, दुसऱ्यांना शाकाहारी कळले म्हणून तपासलं नाही.

शाळेत आमच्या सुलभाताई होत्या. माझ्याहून वयानं मोठ्या, मायाळू. पण त्यांना माझं भारी कौतुक. कुणी नवीन शिक्षक आले की म्हणायच्या, "आमच्या रुबिनाकडं बघा, हिच्या घरी असं वातावरण आणि ही शुद्ध शाकाहारी!" मला ते कौतुक कधीच आवडलं नाही. 'असं वातावरण' म्हणजे कसलं? मी आजारी पडले तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अपमान वाटला. "शाकाहारानं कुणी आजारी पडत नसतं. तुझंच काहीतरी चुकत असेल," असं म्हणाल्या आणि शक्ती यावी म्हणून दर आठवड्याला बरणीभर गव्हाचं सत्त्व करून आणायला लागल्या. मी मनापासून खायचे.

घरी सासूबाई म्हणायच्या, "गोश्त बगैर खून कैसा बनेंगा? डाक्टर बी वोइच बोलरा." 

दोघींचा माझ्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. पण दोघींचं भांडण माझ्या शरीरावर चाललं होतं. मी बरी झाले असते तर शाकाहार जिंकला असता, मी खंगत गेले म्हणून गोश्त जिंकत होतं. मला काय होतंय हा प्रश्न कुणाचाच नव्हता.

मग मला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं.

मी त्याच जालना रोडवरच्या हॉस्पिटलात ॲडमिट होते, तिथं तेच डॉक्टर राउंडवर आले. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून, शिकाऊ डॉक्टरांकडं बघत ते म्हणाले, "आईनं नीट खाल्लं असतं तर टिकलं असतं." आणि पुढच्या पलंगाकडं गेले.

घरी आले आणि मी सासूबाईंना म्हणाले, "अम्मी, कलेजी बनाओ."

त्यांनी स्वतःच्या हातानं केली. मला वास येऊ नये म्हणून भरपूर पुदिना, लिंबू घातलं. माझ्यासमोर बसून राहिल्या. मी श्वास रोखून घास गिळायचे, वरून पाणी प्यायचे. कधी ठरायचं, कधी मोरीकडं पळायचे. त्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि परत बसवायच्या. असे कितीतरी आठवडे गेले. आयुष्यभर जे नको होतं ते मी खाल्लं, कारण एका माणसानं मला सांगितलं होतं की मी खाल्लं नाही म्हणून माझं बाळ गेलं.

पुन्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आधीपेक्षाही खाली होतं.

डॉक्टर वैतागले. "तुम्ही खातच नसाल. डॉक्टरशी खोटं बोलू नये."

सासूबाई मागं उभ्या होत्या. आयुष्यात डॉक्टरपुढं कधी तोंड न उघडलेली ती बाई पुढं आली. "मेरे सामने खाई, डाक्टर साब. मैं खुद बैठ के खिलाई. उसको झूठी मत बोलो."

"मग नीट शिजवलं नसेल," ते म्हणाले.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. शहागंजजवळ सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "कल से नक्को खा. इसको कुछ बी नै मालूम." त्यांनीच दुसऱ्या दिवसापासून नात्यागोत्यात विचारपूस सुरू केली आणि शेजारणीच्या लेकीकडून या डॉक्टरबाईंचं नाव काढलं. पोटविकाराच्या तज्ज्ञ. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट म्हणजे अन्ननलिकेपासून आतड्यांपर्यंतच्या आजारांचे डॉक्टर.

प्रतीक्षेच्या खोलीत आम्ही सकाळपासून बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी जुन्या रिपोर्टची चळत बाजूला ठेवली. "आधी मला सांगा, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं लोहाच्या गोळ्या घेताय, मध्ये कलेजीही खाल्लीत. तरी रक्त वाढत नाही. मग हे सगळं जातंय कुठं?"

इतका साधा प्रश्न. तो विचारायला चार वर्षं लागली.

त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. गव्हाविरुद्ध शरीरानं हत्यारं तयार केली आहेत का, ते त्यात दिसतं. ती बरीच वाढलेली आली. मग एंडोस्कोपी झाली. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी लहान आतड्यापर्यंत नेतात. तिथले अगदी छोटे तुकडे काढून तपासायला पाठवतात, त्याला बायोप्सी म्हणतात. ओकारी येते, डोळ्यातून पाणी येतं, पण दुखत नाही. घाबरू नका. एक गोष्ट लक्षात ठेवा, या तपासण्या होईपर्यंत आपल्या मनानं गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

निदानानंतर आहारतज्ज्ञ बाईंना मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "मला गोश्त खावं लागेल का?"

"खायचं असेल तर खा, नसेल तर नका खाऊ," त्या म्हणाल्या. "ज्वारी, बाजरी, तांदूळ, सगळ्या डाळी, हरभरा, शेंगदाणे, तीळ, पालेभाजीवर लिंबू, दूध, दही. एवढं रोजच्या रोज पोटात गेलं तर शाकाहारी माणूस उत्तम जगतो. बी-बारा तेवढं तपासत राहा, ते शाकाहारात कमी पडू शकतं, पडलं तर गोळी घ्या." इतकं सरळ उत्तर. त्यात ना कुणाचा धर्म आला, ना कुणाची जात.

सुरुवातीला लोह सलाइनमधून शिरेत दिलं. घरातला गहू माझ्यापुरता बंद झाला. तरी पोटाचा त्रास पूर्ण थांबेना. मग कळलं की गिरणीत गव्हाच्या मागोमाग आमची ज्वारी दळली जाते आणि जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ त्यात येतं. घरघंटी घेतली. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ घालतात हेही तेव्हाच कळलं. सासूबाईंना वाचता येत नाही, पण दुकानात कुठलंही पाकीट घेतलं की दुकानदाराला दरडावतात, "पढ के बता, गेहूं हय क्या इसमें?" आणि तो वाचून दाखवेपर्यंत हलत नाहीत.

हळूहळू रक्त चढलं. जिना चढताना कठडा लागेनासा झाला. सुलभाताईंना सत्त्वाचं सांगितलं तेव्हा त्या रडल्या. त्यांना मी माफ केलं, त्या डॉक्टर नव्हत्या.

जे डॉक्टर होते, त्यांच्याकडं मी रिपोर्ट घेऊन गेले. नंबर लावला, फी भरली, समोर बसले. त्यांनी कागद चाळला. "हां, असं असतं कधी कधी. सगळ्यांच्या लक्षात येत नाही."

मी म्हणाले, "सर, माझं बाळ गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आईनं नीट खाल्लं असतं तर टिकलं असतं. तेवढं वाक्य परत घ्या."

ते गोंधळले. "मी असं म्हणालो होतो?"

त्यांना आठवतच नव्हतं. मी उठून आले.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. माझी धाकटी बहीण नाजिया लासूर स्टेशनला असते. तिची मुलगी आयेशा दहा वर्षांची, पण पहिलीतली वाटायची. काटकुळे हात, पोट मात्र फुगलेलं. सगळे म्हणायचे, खानदानच बुटकं आहे. मी तपासणीचं काढलं तर नाजियाचे मिस्टर हसले. "आपा, ये तो हड्डी तक नै छोडती. तुम गोश्त नै खाते, तुमको हुआ. इसको कैसा होंगा?"

मी त्यांना ऐकवलं. चार वर्षांत ज्यांना ज्यांना ऐकवायचं राहिलं होतं त्या सगळ्यांच्या वाटणीचं ऐकवलं. दुसऱ्याच आठवड्यात नाजिया मुलीला घेऊन आली. तपासलं. तिलाही तेच निघालं.

रिपोर्ट आला त्या दिवशी आयेशा माझ्या शेजारी बाकावर पाय हलवत बसली होती. "खाला, अब मैं क्या खाऊं?"

"खलिया खा की पोटभर," मी म्हणाले. "नान की जगा ज्वारी की भाकर."

"बस इत्ताच?"

"इत्ताच."

त्याला आता वर्ष होईल. परवा मधल्या सुट्टीत नाजियाचा फोन आला. मला वाटलं, तब्येतीचं काही झालं. ती घाईघाईनं सांगत होती की ईदला शिवलेला आयेशाचा कुर्ता घालून बघितला तर बाह्या मनगटाच्या कितीतरी वर आल्यात आणि शिंपी म्हणतो, आत कापड सोडलेलं नाही, नवीनच शिवावा लागेल.

"आपा, सुनरे ना? तंग हो गया. पूरा तंग हो गया!"

शिक्षकांच्या खोलीत सगळे डबे खात होते. सुलभाताईंनी विचारलं, "काय झालं ग? रडतेस का?" मी फोन तसाच कानाशी धरून ठेवला.