रविवारचा भूतकाळ

सहा वर्षांच्या नातीला मी तिची आई गावाला गेली असं सांगितलं. तिची आई म्हणजे माझी लेक. ती वारून वर्ष उलटलं होतं. शेवटच्या घडीला नात तिच्या उशाशी होती, आणि मी इथं कोल्हापुरात व्हिसाची वाट बघत बसलो होतो.

त्याचं असं झालं. लेक फ्रान्समध्ये लग्न करून तिकडंच राहिली. ती होती तोवर नात माझ्याशी मराठीत बोलायची, तेही आमच्या 'व्हय' आणि 'न्हाय'च्या मराठीत. आईमागं त्या घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. जावई भला माणूस, पण फ्रेंच. फोनवर नातीचे शब्द एकेक करून गळायला लागले, तसा मी दुपारी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान बंद करून फ्रेंचच्या क्लासला जाऊ लागलो. वर्गात सगळ्या परदेशी निघालेल्या पोरी आणि मधे मी, पांढऱ्या मिशांचा.

वर्तमानकाळ कसाबसा निभावला. भूतकाळात गाडी रुतली. प्रत्येक क्रियापदाचं वेगळंच रूप पाठ करायचं. गिऱ्हाइकाला बेअरिंग देता देता मी 'मांजे, फिनी, तोंबे', म्हणजे खाल्लं, संपवलं, पडलं, असं पुटपुटायचो. एकानं शेवटी विचारलं, "मालक, श्या कुणाला देतायसा? मी तर पावती बी मागितली न्हाय."

मग मॅडमनी फळ्यावर एक घर काढलं. येणं, जाणं, चढणं, पडणं, जन्मणं, मरणं, ही क्रियापदं बाकीच्यांहून वेगळी चालतात, म्हणून ती एकाच घरात कोंबायची. दारात 'आला', जिन्यावर 'चढला', आतल्या खोलीत 'जन्मला', आणि मागच्या खोलीत ते शेवटचं. मी दरवेळी त्या खोलीच्या उंबऱ्यावरून माघारी फिरायचो.

"काका, एक राहिलं," मॅडम म्हणायच्या.

"वय झालं, मॅडम."

पोरी हसायच्या, मीही हसायचो. आमच्यात माणूस जातो, वारतो, देवाघरी जातो. मेलं म्हणतात ते म्हशीला. लेकीबद्दल तो शब्द मी मराठीतसुद्धा काढला नव्हता. भेटायला आलेलेही 'वाईट झालं' एवढं म्हणून बसून गेले.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर नात माझा अभ्यास घ्यायची. तिला हा खेळ फार आवडायचा, कारण मी चुकायचो. मूळ शब्द तिनं द्यायचा, भूतकाळ मी सांगायचा. त्या रविवारी सगळं भराभर बरोबर येत होतं. बायको मोबाइलच्या मागं शेंगा फोडत बसली होती. आणि नातीनं तोच शब्द दिला.

"पुढचा दे," मी म्हणालो.

तिनं पुढचा दिला नाही. उलट म्हणाली, आईवर वाक्य कर.

"आई गावाला गेली," मी फ्रेंचमध्ये म्हणालो. व्याकरण अगदी अचूक होतं.

"न्हाय," नात म्हणाली. उरलेल्या मराठीतला हा शब्द तिचा पक्का होता. मग फ्रेंचमध्ये, मला समजावं म्हणून सावकाश, "गावाला गेली असती तर तिनं फोन केला असता. आई मेली. मी तिथं होते, आबा."

शेंगा फुटायचा आवाज थांबला. मी म्हणालो, पाणी पिऊन येतो. ती म्हणाली, आधी वाक्य. हाताची घडी घालून बघत राहिली. बायकोनं पदर तोंडाला लावला होता. तिला फ्रेंच येत नाही, पण माझं तोंड दिसत होतं.

"एल ए मोर्त," मी म्हणालो, मान खाली घालून. माझ्या पोटच्या पोरीबद्दल, एवढ्याशा शब्दात.

आता नात रडणार, असं मला वाटलं. तिनं डोकं तिरकं करून नीट ऐकलं आणि म्हणाली, "तुझा 'र' फार वाईट आहे, आबा. परत म्हण."