पाण्यातली जीप

लग्न होऊन मी घोलवडला आले, तरी तलासरीचं वडिलांचं वेल्डिंगचं दुकान सोडलं नाही. वडील गेले होते, भाऊ नव्हता, आणि हातात होल्डर धरायची सवय शाळेपासूनची. सकाळी स्कूटरवर निघायचं, दिवसभर गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि उन्हं उतरली की परत चिकूच्या वाडीत. वाडी नवऱ्याची. पण त्याचा जीव चिकूत कमी आणि गाड्यांत जास्त. डोंगरातून, नदीच्या पात्रातून, दगडधोंड्यांवरून जाईल अशी गाडी स्वतः बांधायची, हे तो मला बघायला आला तेव्हाच बोलला होता. वेल्डिंगवाली बायको मिळते म्हणून लगेच होकार दिला, असं तो पाहुण्यांना सांगतो. ते अगदीच खोटं नसावं.

बांधायला सांगाडा मिळाला तो भंगारात. जुनी डिझेल जीप. इंजिन, चासी, दोन्ही एक्सल आणि निळं बोनेट तेवढं शिल्लक होतं. मागची बाकं कोणीतरी आधीच काढून नेली होती. कागद रद्द झालेले, त्यामुळे रस्त्यावर ती कधी धावणार नव्हती. आम्हाला धावायला रस्ता नकोच होता. भंगारवाला एवढंच म्हणाला, पाण्यातली गाडी आहे. पुरात कुठे उभी असताना भिजली असेल, असं आम्ही धरून चाललो.

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. चासी एका बाजूला जराशी पिळलेली होती. ती सरळ करायला मी तापवली आणि आतून नदीचा वास आला. ओल्या गाळाचा, कुजक्या पानांचा. चासीची पट्टी म्हणजे लोखंडाची लांब पोकळ पेटीच असते. तिला खालून भोक पाडलं, तर बारीक करडा गाळ सरसरत खाली आला. हातोडीने ठोकून ठोकून मी ती रिकामी केली, हवेचा पाइप लावून आतून साफ केली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते, तर खाली पुन्हा तेवढाच ढीग. मग रोज तसंच. कामाला हात लावण्याआधी मी झाडू घेऊन तो गाळ गोळा करायची आणि शेडच्या मागे कुंपणाशी टाकायची. नवरा हसायचा. म्हणायचा, अख्खी नदी भरून आणलीस की काय. मीही हसायची. पण दुपारी एकटी असले की शेडकडे पाठ करून बसायला मला नको वाटायचं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

असल्या गाडीचे भाग बाजारात तयार मिळत नाहीत. मिळाले तरी या सांगाड्याला बसत नाहीत. प्रत्येक तुकडा मोजून, कापून, लावून बघून परत कापावा लागतो. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उंच करायचे म्हणून मी त्यांच्या नव्या कड्या बनवल्या. इंजिनच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्रा वाकवून बसवला. डोक्यावर पाइपांचा पिंजरा बांधला. त्याचे पाइप वाकवताना चेपू नयेत म्हणून आत कोरडी रेती ठासून भरली. त्या रेतीसाठी कुंपणाजवळचा गाळ जवळ होता, पण मी वाणगावहून आलेल्या बांधकामाच्या रेतीतली बादलीभर मागून आणली. नवराही त्या गाळाला हात लावत नसे, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मागच्या बाजूला एक पायदान होतं. कंपनीचं नाही, कोणीतरी मागाहून लावलेलं. चांगलं रुंद, आणि जमिनीपासून इतकं खाली की त्यावर पाऊल ठेवायला गुडघा फारसा उचलावा लागू नये. वेल्डिंग ओबडधोबड होतं, पण मजबूत. आमच्या गाडीला ते अडचणीचं. चढावर मागची बाजू खाली दबली की हेच पहिलं दगडावर आपटणार. नवऱ्याने ते कापायला सांगितलं, मी खडूने खूण केली आणि ग्राइंडरला नवी चकती चढवली.

तेवढ्यात एक बाई आली. झरीच्या बाजूच्या एका पाड्यावरची, साठीच्या आतबाहेरची, अंगाने काटक. बकऱ्यांच्या वाड्याला लोखंडी दार करून हवं होतं. माप सुतळीला गाठी मारून आणलं होतं. मी ती सुतळी टेपवर धरत होते. ती इकडेतिकडे बघत होती, आणि बघता बघता शेडमध्ये गेली. मला वाटलं, सावलीला गेली. बाहेर येईना म्हणून मी मागे गेले. ती जीपच्या मागे उभी होती. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि एक पाऊल त्या पायदानावर ठेवलं होतं. वर चढत नव्हती, खालीही उतरत नव्हती.

मी विचारलं, "काय झालं, मावशी?"

ती म्हणाली, "हे माझ्यासाठी लावलेलं. माझा गुडघा वर होत नव्हता."

ती गाडी तिच्या नवऱ्याची होती. तलासरीहून डोंगराकडच्या पाड्यांवर तो माणसं नेत-आणत असे. एकदा पावसाळ्यात संध्याकाळची फेरी घेऊन येताना नदीवरच्या ठेंगण्या फरशी-पुलावरून पाणी चाललेलं दिसलं. त्याने सगळ्यांना अलीकडे उतरवलं. उतरलेल्यांत ती स्वतःही होती, बाजाराची पिशवी घेऊन. आधी मी एकटा पलीकडे जाऊन बघतो, जमतंय वाटलं तर परत येऊन तुम्हाला नेतो, असं तो म्हणाला. मध्यावर इंजिन बंद पडलं. पाणी फार नव्हतं, चाकाच्या वरपर्यंत. उतरून चालत आला असता तर आला असता. पण तो आत बसून चावी फिरवत राहिला. मग वरून लोंढा आला. जीप खालच्या वळणावर दगडांत अडकलेली सापडली. तो सापडला नाही. बरेच दिवस शोधलं. शेवटी गवताचा पुतळा करून जाळला आणि त्याचे दिवस केले.

हे सगळं तिने शांतपणे, पाऊल न हलवता सांगितलं. रडली नाही. मीच ग्राइंडरची पिन काढून टाकली.

मग तिने चासीखाली वाकून बघितलं. सकाळी झाडलेलं होतं, तरी खाली चिमूटभर गाळ पडला होता. तिने बोट लावलं आणि असा अजून कुठे आहे का, असं विचारलं. मी तिला कुंपणाशी घेऊन गेले. ती तिथे उकिडवी बसली, दोन्ही हातांनी गाळ पदरात भरून घेतला आणि गाठ मारली. मग वाटलं, आपण रोज झाडत होतो ते काय होतं, हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण तिने ते नेलं. जाताना म्हणाली, "गाडी झाली की एकदा तिकडे आण, बाय. तिकडून नेली ती परत नाही आली."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोटांवरचं ग्रीस पुसत राहिला. हा सांगाडा परत भंगारात देऊन दुसरा बघू, असं मी म्हणाले. तो नको म्हणाला. पायदान मात्र कापायचं नाही असं त्यानेच ठरवलं. आपण चढ कमी घेऊ, म्हणाला. मग मी इंजिनला हवा घेणारी नळी बोनेटच्या बाजूने वर काढून थेट पिंजऱ्याच्या टोकापर्यंत नेली. म्हणजे पाणी कितीही चढलं तरी इंजिनच्या पोटात जायचं नाही. त्या नळीचे सांधे मी पुन्हा पुन्हा तपासले. आत फुंकायची, टोकाला तळहात लावून हवा कुठून निसटते का ते बघायची. इतकी काळजी मी कुठल्याही गेटची घेतलेली नाही. चासीतून गाळ पडायचा मात्र त्या बाईच्या येण्यानंतर थांबला. मी कोणाला ते सांगितलं नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही, आणि झाडू कोपऱ्यात तसाच राहिला.

भाताची कापणी उरकल्यावर आम्ही गाडी टेंपोवर चढवून तिकडे नेली. ती सकाळ मी विसरत नाही. निळं बोनेट आम्ही रंगवलं नव्हतं. डोंगराचा रस्ता लागला तशी वळणावळणावर उभी असलेली माणसं टेंपोकडे बघायची आणि त्यांचा हात आपोआप वर जायचा, गाडी थांबवायला करतात तसा. मग टेंपो जवळ आला की हात हळूच खाली यायचा. एका म्हाताऱ्याने तर डोक्यावरचा भारा खाली ठेवला, आम्ही पुढे गेलो आणि आरशात तो तसाच उभा दिसत राहिला. टेंपोवाल्याला वाटलं, आम्हाला इकडे सगळे ओळखतात.

नदी त्या दिवसांत गरीब होती. फरशीच्या खालच्या अंगाला रुंद पात्र, गोटे, आणि मधे मांडीइतकं संथ पाणी. बकऱ्यांच्या वाड्याचं दार न्यायला आली तेव्हा मी त्या बाईला दिवस सांगून ठेवला होता; ती आधीच येऊन काठावर बसली होती, एकटीच. तिने गाडीकडे बघितलं, डोक्यावरच्या पिंजऱ्याकडे, उंच चाकांकडे. ओळखीचं काय उरलंय ते शोधत असावी.

नवरा चढला. गाडी गोट्यांवरून डुलत डुलत छान उतरली. माझ्या हातच्या कड्या, माझा पत्रा, सगळं आपापलं काम करत होतं आणि मी घाबरायचं विसरून गेले. गाडी पाण्यात शिरली. बरोबर मध्यावर इंजिन बंद पडलं.

आवाज थांबल्यावर पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. हवेच्या नळीचं टोक वर, कोरडं खडखडीत, माझ्या डोळ्यांसमोर. नवऱ्याने चावी फिरवली. स्टार्टर घरघरला आणि थांबला. त्याने परत फिरवली. मी ओरडून काहीतरी सांगितलं, बहुतेक डिझेलच्या नळीचं. त्याने मान वर केली नाही. तो खाली वाकून चावीच फिरवत होता, परत आणि परत. आकाश स्वच्छ होतं, पाणी मांडीपर्यंतच होतं, घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तरी पाठीमागून बघताना क्षणभर मला त्याचे खांदे ओळखीचे वाटेनात.

माझ्या शेजारून ती उठली आणि लुगडं भिजवत सरळ पाण्यात गेली. गुडघा दुखत असणार, पण थांबली नाही. गाडीपाशी पोचली, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "उतर रे. गाडी राहू दे."

तो उतरला. लहान मूल उतरतं तसा, काही न विचारता. तिने त्याला हाताला धरून काठावर आणलं, गोट्यांवर बसवलं, आणि तरीही मनगट सोडलं नाही. तिथे ती रडली. आधी आवाज नव्हता, मग आला. नवरा तसाच ओल्या पँटने बसून राहिला. आम्ही तिघंही कितीतरी वेळ गाडीकडे न बघता बसलो होतो.

नंतर मी पाण्यात जाऊन बोनेट उघडलं. डिझेलची नळी, सांधे, वायरी, सगळं घट्ट होतं. चावी फिरवली तर इंजिन एका झटक्यात सुरू झालं. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल, असं मी दोघांनाही सांगितलं. दोघांनीही ते मानल्यासारखं केलं.

तेव्हा आत बसून काय वाटत होतं, हे मी नवऱ्याला बऱ्याच दिवसांनी विचारलं. तो म्हणाला, उतरायचं डोक्यातच आलं नाही. काठावर माणसं थांबली आहेत, त्यांना न्यायचं आहे, एवढंच वाटत होतं. काठावर आम्ही दोघीच होतो.

गाडी आता वाडीत असते. नवरा तिच्यातून चिकूचे क्रेट झाडांखालून पॅकिंगच्या शेडपर्यंत आणतो. पिकाच्या दिवसांत ती फार कामाची ठरते. नदीत, डोंगरात नेण्याचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. मीही त्याला आठवण करून दिली नाही. वेड असं एका दिवसात उतरलेलं बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही.

तिकडे फरशीच्या जागी आता उंच पूल झाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या गेटचं माप घ्यायला मी बसने त्या बाजूला गेले होते. बस पुलाअलीकडे थांबली तेव्हा ती मावशी उतरताना दिसली, म्हणून मीही उतरले. बस पुलावरून निघून गेली. ती रस्ता सोडून खाली नदीकडे जाणारी पायवाट धरून चालू लागली. पाणी त्या दिवशी कमी होतं, दगड उघडे होते, तरी शेवाळाने निसरडे. मी तिला म्हटलं, मावशी, पूल आहे ना, इकडून कशाला.

ती थांबली नाही. म्हणाली, "वरून गेले तर त्याला दिसायची नाही मी."

मी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागे खाली उतरले.