मोरांच्या पोटातलं आवतण

लेक सासरी गेली आणि घर फार गप्प झालं. म्हणून माझ्या रुखवतातली मळकी लॅम्पशेड घेऊन मी पाटोद्याच्या बाजारात गेले. तिथं तसबिरी मढवणारे एक चाचा बसले होते. म्हटलं, "चाचा, घर लई गप्प झालंय, हिला जरा नटवून द्या."

त्यांनी बाकड्याखालून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. आवतण कचऱ्यात टाकायचं नसतं, म्हणून जपलेला. हातातली कात्री जागची हलत नव्हती, ते नुसता कागद फिरवत आणि मोर सुटून बाहेर पडे. खळ लावून शेडवर चिकटवण्याआधी प्रत्येकाच्या डोळ्यावर ते हलकी फुंकर मारत, जणू त्याला जागं करत होते. शेवटी व्हार्निशचा हात दिला.

वाळल्यावर मी तिथंच हौसेनं आत बल्ब लावला, आणि मोरांच्या पोटांतून पत्रिकांची मागची बाजू उजळली! उलट्या अक्षरांत एक मोर म्हणत होता, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' दुसरा काकाच्या, तिसरा आत्याच्या.

चाचांनी कपाळावर हात मारला. "जिंदगीभर तसबिरी भिंतीला अडकवल्या बाई. मागून उजेड येतो, हे ध्यानातच न्हाई आलं!"

हसून हसून मी बाकड्यावरच बसले. चाचा मोर खरवडायला निघाले, पण मधेच थांबले. "ऱ्हाऊ द्या की. घर गप्प हाय म्हनता ना? दिवा लागला की कुनीतरी बोलावतंय."

आता रोज संध्याकाळी मी बटण दाबते, आणि मग उगाचच आरशासमोर जाऊन केस नीट करते.