गोळी घालणाऱ्याने चालत जायचं

काटेरी तारेचं दुसरं कुंपण ओलांडल्यावर आर्लिस थांबली. दमली म्हणून नव्हे, रक्ताचा माग हरवला म्हणून. गव्हाच्या धसकटांमध्ये जिथे बर्फ शिल्लक होतं तिथे लाल ठिपके दिसत होते; उघड्या मातीवर काहीच कळत नव्हतं. तिने हातमोजा काढला, एक धसकट चिमटीत धरून चोळलं आणि बोट माझ्यापुढे केलं.

"ओलं आहे अजून. मागचा पाय ओढत चाललीय बिचारी."

"मादी आहे हे कशावरून?"

"कशावरून नाही. सोसतंय ते म्हणजे बाई, असं मी धरूनच चालते," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

सत्तरी ओलांडलेली ही बाई पुढे, आणि तिच्याहून बरीच लहान असलेली मी मागे धापा टाकत. तिच्या डोक्यावर कान झाकणारी बापाची टोपी, खांद्यावर बापाचीच रायफल. माँटानाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, अशी सपाट शेतं आहेत की घराच्या खिडकीतून शेजारच्याचं वाळत घातलेलं धुणं मोजावं. मी तिची शेजारीण; त्या सकाळी तिच्याकडे अंडी न्यायला गेले होते. आम्ही स्वयंपाकघरात उभ्या असताना दूर रस्त्यावर एक पिकअप थांबलेली दिसली. बंदुकीचा आवाज आला. समोरच्या शेतात एक कोयोट जागच्या जागी गर्रकन फिरला, पडला, उठला आणि तीन पायांवर ओघळीकडे गेला. पिकअप थोडा वेळ उभी राहिली आणि मग सरळ निघून गेली. आर्लिसने चुलीवरची कॉफी खाली उतरवली आणि टोपी घातली.

कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ. आर्लिसला त्याचा पुळका आहे असं कुणी समजू नये. तिच्या मेंढ्या आहेत. मागच्या वसंतात तिची कोकरं त्यांनी नेली, तेव्हा ती पहाटे कुंपणाशी पालथी पडून राहिली आणि तिने दोन कोयोट पाडले. तरुणपणी तर साऱ्या तालुक्यात तिच्याएवढी कातडी कुणी विकली नव्हती. चर्चमधली वाजवायची पेटी त्या कातड्यांच्या पैशांतून आलेली आहे, आणि दर रविवारी पाद्रीबाबांच्या बायकोने ती बेसूर वाजवली की आर्लिस माझ्या कानाशी लागते, "याच्यासाठी मारले का गं मी ते?"

पण तिच्या घरात एक नियम होता. तिचा बाप उले ट्वेट नॉर्वेहून आलेल्यांचा मुलगा, दिवसभरात दहा शब्द बोलणारा. त्यातले काही शब्द हे असत: ज्याने गोळी घातली त्याने चालत जायचं. लागली असो वा नसो. जिथवर चालायची तयारी नाही तिथवर बंदूक रोखायची नाही. शाळकरी आर्लिसने एकदा ओघळीच्या पलीकडे, मैत्रिणींना दाखवायला म्हणून, लांबवर बार टाकला होता. बापाने तिला जेवणाच्या पानावरून उठवलं आणि तो कोयोट सापडेपर्यंत घरात घेतलं नाही. सापडला तेव्हा तो जिवंत होता. पुढचं ती सांगत नाही.

आता बंदुका बदलल्या. तिवईवर ठेवायची रायफल, तिच्यावर हातभर लांब दुर्बीण, अंतर मोजणारं यंत्र, वारा किती नि गोळी किती खाली येईल हे सांगणारा फोन. कोयोटला भुलवायला ससा किंचाळल्याचा आवाज काढणारा डबा शेतात ठेवायचा आणि आपण पाऊण मैलावर गाडीला टेकून बसायचं. लागली तर आरोळी ठोकायची. नाही लागली, अर्धवट लागली, तर गाडी सुरू करायची. याला ही माणसं नेम म्हणतात! मी नेमस्त बाई आहे, पण हे ऐकलं की माझ्या तोंडात शिव्या येतात. ज्याच्याकडे चालत जायला तुला जड होतं, त्याच्या जिवाशी खेळायचा हक्क तुला दिला कुणी?

आणि येत्या शनिवारी तर स्पर्धा होती. गावोगावच्या टोळ्या येणार, सर्वांत जास्त कोयोट आणणाऱ्याला बक्षीस, आणि या सगळ्याचा पुढारी आर्लिसचा सख्खा भाचा क्लेटन. स्पर्धेसाठी त्याला आत्याची जमीन हवी होती, कारण एवढा मोकळा, सलग तुकडा दुसरा नाही.

आर्लिसने ती दिली होती. म्हणजे दिली नव्हती, पण दिल्यासारखीच होती. इथल्या लोकांत तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. कुणी काही मागितलं आणि पटलं नाही, तर त्याच्या कपात दुसऱ्यांदा कॉफी ओतायची नाही. तो समजतो आणि उठतो. गेल्या गुरुवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला बायको जॅनेलबरोबर आलेल्या क्लेटनने सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या, शनिवारी तुझ्या शेतात येऊ ना आम्ही?" आर्लिसच्या हातात किटली होती. वाढायची पाळी तिचीच. त्याने रिकामा झालेला कप पुढे केला, आणि तिने सवयीने तो पुन्हा भरला. झालं! सगळ्या टेबलाने पाहिलं. क्लेटनने "देव तुझं भलं करो" म्हणून तिच्या गालाचा मुका घेतला.

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं ना त्याला," मी चालता चालता म्हटलं.

"काय सांगू? किटली चुकून कलंडली?"

"हसू नका. नको म्हणून सांगायचं."

"शालन, थंडीत माझ्या दारातलं बर्फ कोण काढतं? गवताचे गठ्ठे कोण आणून टाकतं? पुढच्या महिन्यात मेंढ्या विणार, तेव्हा रात्रभर माझ्याबरोबर गोठ्यात कोण बसतं? क्लेटनच. तो फिरकला नाही तर मेंढ्या विकाव्या लागतील मला. आणि मेंढ्या गेल्या की मी काय करू? खिडकीत बसून तुझी वाट बघू?"

आम्ही ओघळीत उतरलो. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. तिला ऐकू कमी येतं म्हणून ती तो नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते.

"आत्या! खिडकीत होतीस ना? बघितलास का माझा नेम?"

तो क्लेटनच होता. आर्लिसचा चेहरा हलला नाही. पिकअप तिने घरातूनच ओळखली होती, हे मला तेव्हा समजलं.

"बघितला," ती म्हणाली.

"काय लांबून होता गं! वारा आडवा होता, तरी कसा उडाला! शनिवारी बघ आता, हॅवर गावच्या पोरांची तोंडं उतरवतो की नाही."

"पडला का रे तो?"

"पडला असेल की. तिकडे ओघळीत कुठेतरी."

"गेला नाहीस बघायला?"

"आत्या, तू पण ना! एवढ्या चिखलातून कोण जाणार? कावळे खातील त्याला. जॅनेलने खजुराच्या वड्या केल्यात. ये दुपारी, पाठवू का गाडी?"

मी हाताने खुणा करत होते. बोला, आत्ता बोला! आर्लिसने एकदा तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आलं आता बाहेर.

"बरं," ती म्हणाली. "बघते." आणि फोन मिटला.

"अहो आर्लिसबाई!"

"मला ओरडू नकोस. मलाच माझा राग आलाय."

कोयोट रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी सापडला. खरोखरच मादी होती. मागचा पाय मांडीपासून लोंबत होता. आत शिरायचा तिने प्रयत्न केला असावा, पण मोरी बर्फाने बुजली होती, आणि पुढच्या पंजांनी ते बर्फ उकरता उकरता ती तशीच पडली होती. आम्हाला पाहून तिने दातसुद्धा दाखवले नाहीत. नुसती बघत राहिली, जणू या दोघीही उशिराच आल्या.

आर्लिस अगदी जवळ गेली, बापाने शिकवलेल्या अंतरावर. मी डोळे मिटून रामाचं नाव घेतलं. एकच आवाज झाला.

मी डोळे उघडले तेव्हा आर्लिसने टोपी काढून हातात घेतली होती आणि वाऱ्याने तिचे पांढरे केस उभे राहिले होते. ती रडत नव्हती. तिचं रागाने लालबुंद झालेलं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"चुकतं माणसाचं," ती म्हणाली. "मीही चुकलेय, लांबून आणि जवळूनही. पण हा बघायलासुद्धा गेला नाही गं. पडला असेल, म्हणाला. पडला असेल! माझ्या बापाच्या शेतात, माझ्या घरचं पोर, आणि पडला असेल म्हणतं! शनिवारी असे किती येतील? मी खिडकीत बसून मोजू, की एकेकाच्या मागे जाऊ?"

"काय करणार मग?"

तिने टोपी पुन्हा डोक्यात घातली, कानावरचे पट्टे खाली ओढले आणि हनुवटीखाली बांधले.

"जाणार त्याच्याकडे. आत्ताच, राग आहे तोवर. मेंढ्या जातील तर जाऊ देत. पण एकटीने नाही जमायचं, हे तू बघितलंसच. तू गाडी काढ. तिथे गेलं की जॅनेल वड्या ठेवील, क्लेटन किटली घेऊन येईल, आत्या आत्या करील, आणि त्याने माझा कप भरला की माझ्या तोंडून पुन्हा 'बरं'च निघेल. तू माझ्या शेजारीच बस शालन, माझ्या कपावर हात ठेव, आणि मी त्याला नाही म्हणेपर्यंत तो काढू नकोस."