उरलेल्या गोळ्यांचा डबा

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी रोज साठतात. वापरलेल्या सुया-ट्यूबा आणि किस्से. सुया न्यायला सकाळी गाडी येते. किस्से कुणी नेत नाही, त्यामुळे ते माझ्याकडंच पडून आहेत. कुठूनही सुरुवात केली तरी हल्ली ते एकाच जखमेपाशी येऊन थांबतात. जखम आमच्या आप्पांच्या पायाची. आप्पा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड हेडमास्तर, शुगरचे पेशंट.

मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी शेवटच्या वर्षाला सोडली. का, ते विचारू नका, घरात रोज विचारतात. आता कोल्हापुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते आणि मशीन चालवते.

*

आधी मशीनचं सांगते. जंतू रक्तात शिरले की माणसाकडं वेळ नसतो. त्यांच्यावर कुठलं औषध चालेल हे कळायला पूर्वी दोन-तीन दिवस जायचे. आता रक्ताच्या बाटलीत जंतू वाढलेले दिसले की त्यातला थेंब मशीनला द्यायचा. मशीन जंतूचे जीन तपासतं आणि तासाभरात सांगतं की हा कुठल्या कुठल्या औषधाला भीक घालणार नाही.

एवढं भारी मशीन आलं म्हटल्यावर सरांनी पूजा घातली. सर म्हणजे लॅबचे मालक, एम.डी., भिंतभर सर्टिफिकेटं. त्यांनी हळदीकुंकू वाहिलं ते नेमकं बारकोड वाचायच्या काचेवर. मशीन ठप्प. पुण्याहून इंजिनिअर आला, काच पुसली आणि म्हणाला, "सर, इथे काही लावत जाऊ नका."

सर म्हणाले, "मग कुठे लावायचं ते सांगून जा."

*

रिपोर्टवर सरांची सही लागते. आणि सर दुपारी जेवून झोपतात. म्हणजे मशीन तासात निकाल देणार, आणि तो निकाल सरांचा डोळा उघडेपर्यंत प्रिंटरवर पडून राहणार. एकदा आयसीयूमधून फोनवर फोन यायला लागले. मी रिपोर्ट घेतला, गाडी काढून सरांच्या घरी गेले, बेल वाजवली. सर डोळे चोळत दारात आले.

"पूर्वी लोक तीन दिवस थांबत होतेच ना?"

"मरत पण होते, सर."

सरांनी सही केली. आणि त्या महिन्याची माझी सुट्टी कापली.

*

इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार तापानं फणफणलेला दवाखान्यात आला. त्याचं रक्त काढायला मी गेले होते. सोबत त्याचा सासरा. मी विचारलं, "याआधी अँटिबायोटिक काही घेतलंय का?"

"छ्या. गोळीला शिवत न्हाय त्यो. गोळ्या गरम पडत्यात."

"मग ताप आला की काय करतात?"

"सुई मारून घेतोय की. पाळीवर जायच्या आधी. घाम आला की मोकळा."

"कसली सुई?"

"ते काय विचारत न्हाय बा आमी."

"देणारा डॉक्टर कोण?"

"डॉक्टर न्हाय वो त्यो. पन हात लई हलका हाय."

*

मी या सासऱ्यावर हसू शकत नाही, कारण आमच्या घरात डबा आहे.

बिस्किटाचा निळा पत्र्याचा डबा, कपाटावर. डॉक्टरनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की आप्पा दोन दिवस घेणार, बरं वाटलं की बंद, आणि उरलेल्या डब्यात. माझ्या, आईच्या, पाहुण्यांच्यासुद्धा. गल्लीत कुणाला ताप, खोकला, गळू काही झालं की लोक दवाखान्याच्या आधी आमच्या दारात. शेजारच्या शालनकाकू तर हक्काच्या. आप्पा चष्मा लावून विचारायचे, "वजन किती?" काकू सांगायच्या. मग डब्यात जी पट्टी वर असेल ती द्यायचे.

मी एकदा सांगायला गेले. म्हटलं, आप्पा, अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, शिकतात. निम्म्या पोरांना आवडीनं नापास करणारा माणूस, जंतूंना मात्र घरबसल्या शिकवत होता.

आप्पा म्हणाले, "मी आयुष्यात ताटात भाताचं शीत टाकलं नाही. तू अख्खी डिग्री टाकलीस. काय टाकायचं नि काय नाही, हे तू मला सांगू नकोस."

*

नवीन चप्पल चावली. एवढंच झालं आप्पांच्या पायाला. शुगरमुळं जखम भरेना. मी म्हटलं, सर्जनला दाखवू. तर म्हणाले, "चप्पल चावल्यावर सर्जन? लोक हसतील." डबा खाली उतरला. दोन दिवस गुलाबी गोळी, दोन दिवस पिवळी, मग आजऱ्याच्या तात्यांची उरलेली कसलीतरी कॅप्सूल. तात्या म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, काजूचा धंदा. डब्याला त्यांचा फार मोठा हातभार.

मग जयसिंगपूरला माजी विद्यार्थ्यांनी आप्पांचा सत्कार ठेवला. पाय सुजून चप्पल बसत नव्हती, तरी गेले. 'शिस्त' या विषयावर बोलता बोलता स्टेजवर थंडी वाजायला लागली. पोरांनी सत्काराचीच शाल दोनदा गुंडाळली आणि तशीच ॲम्ब्युलन्समध्ये घातली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांच्या रक्ताच्या बाटलीत जंतू दिसले आणि थेंब माझ्याच हातानं मशीनला गेला. तासाभरात निकाल आला. एकेका जीनपुढं 'आढळला'. 'आढळला'. 'आढळला'. म्हणजे साधी औषधं गेली, भारी गेली, भारीतली भारीही गेली.

सरांची झोपेची वेळ होती. तरी पहिल्या रिंगला फोन उचलला आणि शर्टाची बटणं लावत आले. रिपोर्ट बघून खुर्चीत बसले. म्हणाले, "परत एकदा लावून बघूया का?"

"दोनदा लावलंय, सर."

त्यांनी तिथंच सही केली, आयसीयूला स्वतः फोन लावला. आमच्या लॅबचा हा एकमेव रिपोर्ट असेल जो तयार झाल्या झाल्या पोचला. त्यात औषध म्हणून एकच इंजेक्शन शिल्लक होतं, आणि त्याचीही खात्री कुणी देईना.

आयसीयूत आप्पा शुद्धीवर होते. तोंडावर मास्क. मला खुणेनं जवळ बोलावलं.

"काय म्हणतंय तुझं मशीन?"

"नापास, आप्पा."

"किती विषयात?"

"सगळ्यांत. एक राहिलाय."

आप्पांनी मास्क जरा बाजूला केला. मग म्हणाले, "त्यात तरी पास कर."

नाही झाले.

*

दवाखान्यातून पिशवी घरी आली. चष्मा, शाल, आणि त्या इंजेक्शनच्या न फोडलेल्या बाटल्या. दिवसकार्य झालं तरी पिशवी कोपऱ्यात तशीच होती. तात्या आजऱ्याहून येऊन राहिलेले. त्यांनी पिशवी उपसली.

"ह्ये काय गं?"

"आप्पांची इंजेक्शनं. उरलेली. लॅबच्या कचऱ्याला द्यायचीत."

"खुळी का काय तू? फोडलीबी न्हाईत अजून." तात्या स्टुलावर चढले, डबा उतरवला, गोळ्यांच्या पट्ट्या बाजूला सारून बाटल्या आत नीट उभ्या करून ठेवल्या. "दादानं काय टाकलं न्हाय कवा."

डब्याचं झाकण अजून लागायचं होतं, तोवर शालनकाकू दारात.

"आप्पा नाहीत, मागायला जीव होत नाही बघ. पण नातवाला कालपास्नं ताप आहे. काही असलं तर..."

"असलं तर म्हंजे? या की आत," तात्या म्हणाले. त्यांनी पिशवीतला आप्पांचा चष्मा काढून नाकावर चढवला, एक बाटली उजेडाकडं धरली. "भारीतलं हाय. दादालाच आणल्यालं. वजन किती हाय पोराचं?"

काकूंनी सांगितलं. मग बाटलीकडं बघून म्हणाल्या, "पण ही सुई मारायची कुणी?"

"आता बघा," तात्यांनी माझ्याकडं बोट केलं, "ही हाय की घरात."