दोन्हीकडून चारमिनार असलेला रुपया

फसली तेराशे एक्केचाळीस, दिवाळीच्या पाडव्याची सकाळ. रक्कम एक रुपया, हाली, म्हणजे निजामाच्या टांकसाळीचा. केदारखेड्याला आमच्या ओसरीवर तिघे हजर होतो: मी, टेंभुर्णीहून आलेले माझे व्याही आणि आमच्या गावचा सोनार. माझी बहीण, म्हणजे व्याह्यांची सून, दाराआड उभी होती. वडील नसल्यानं तिचं लग्न मीच लावून दिलं होतं आणि अंगावर अकरा रुपयांची माळ घातली होती. रुपये माझे; प्रत्येकाला चांदीची कडी लावून माळ ओवायचं काम सोनाराचं.

त्या माळेतला एक रुपया व्याह्यांनी काढून आणला होता. तो त्यांनी सतरंजीवर टाकला. एका बाजूला चारमिनार नेहमीसारखा उठलेला. दुसऱ्या बाजूलाही चारमिनारच, पण आत खोल गेलेला, आणि भोवतीची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी.

"हा रुपया न्हाई, रुपयाचा साचा हाये," व्याही म्हणाले. "तुमच्या सोनारानं खरा ठेवून घेतला अन् हा ओवला. तुम्ही हिशोबी माणूस. निवाडा तुम्हीच करा. तोवर सूनबाई इथंच राहू द्या."

सोनार म्हणाला, "मालक, तुम्हीच दिलेल्या अकरातला हाये हा. टांकसाळीत कधीमधी एक नाणं ठशाला चिकटून राहतं. मंग पुढच्या नाण्यावर त्याचीच छाप बसती. मी पाहिलं होतं, पण चांदी बराबर होती, म्हणून बोललो न्हाई."

"टांकसाळीत मामा हाये का रे तुझा?" व्याह्यांनी विचारलं.

मी सोनाराचाच काटा मागवला. एका पारड्यात तो रुपया, दुसऱ्यात माझ्या कनवटीचा. काटा सरळ राहिला. सोनाराला हायसं वाटलेलं दिसलं. मी म्हणालो, "ह्याला कडी हाये. त्याला न्हाई. तरी वजन सारखं. म्हणजे कडीइतका हा रुपया कमी भरतो."

"मालक, कडी बसवायला तिथली कड कानशीनं घासावी लागती. तेवढी चांदी गेली, तेवढी कडीनं आली."

"घासलेली चांदी कुठंय?"

तो खाली बघत म्हणाला, "ती आमच्याकडंच राहती. सगळेच ठेवतात."

व्याही हसले. मी रुपया खोटा ठरवला. सोनारानं नवा रुपया भरून दिला, मजुरीचे बारा आणे परत केले. भाऊबीज होताच बहीण सासरी गेली. सोनाराकडं गावातून कुणी गुंजभर सोनंही पाठवीना. चार महिन्यांत तो बायकोला घेऊन शहागडला गेला.

वादातला रुपया माझ्याकडंच राहिला होता. दोन वर्षांनी जालन्याला सरकी विकायला गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्या सराफाला तो दाखवला. त्यानं आधी रुपया दगडावर वाजवला, मग कड बोटानं चाचपली. त्याच्या पेटीत दोन्हीकडून चारमिनार असलेले दोन खोटे रुपये होते. शौकिनांना विकायला कुणीतरी बनवलेले. पहिला, दोन रुपये निम्मे निम्मे घासून जोडलेला: कडेला बारीक सांधा, आवाज बद्द. दुसऱ्यावर नाणं ठोकून छाप घेतलेली, त्यामुळं दुसऱ्या अंगाचा चारमिनार चेपून गेलेला. माझ्या रुपयाचा चारमिनार दोन्हीकडून धारदार होता आणि कडीची जागा सोडली तर कडेचे दाते अखंड होते.

"साच्याला दाते कशाला असतील?" सराफ म्हणाला. "टांकसाळीची चूक हाये ही. बिलकुल खरा. पाच रुपये देतो."

मी दिला नाही. सराफाशी बोलताना मला काट्याचा हिशोब आठवत होता. माळेतले बाकीचे दहा रुपये त्या सकाळी बहिणीच्या गळ्यात होते, माझ्यापासून चार हातांवर, सगळे कडी लावलेले. त्यातला एक तोलला असता तरी पुरे होतं. काटा तेव्हाही सरळच राहिला असता, आणि कडीसाठी घासणं सगळ्यांनाच झालंय हे दिसलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलो. सुचलं होतं. पण मग व्याही खोटे पडले असते आणि बहीण माझ्या दारात राहिली असती.

शहागडला गेलो. सोनार बैलांच्या तुटक्या घुंगरांना डाग देऊन सांधत बसला होता. मी सराफाचं बोलणं सांगितलं, पैसे पुढं केले.

"पैसे नको, मालक," तो म्हणाला. "गावात चार माणसांपुढं सांगा. तेवढंच करा."

टेंभुर्णीला जाऊन व्याह्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "तुमची बहीण सुखात नांदून राह्यली. कशाला उकरता?"

मी गावात कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला जालन्याला गेलो आणि तो रुपया सराफाला विकून टाकला. शहागडला सोनार घरी नाही हे पाहून आत गेलो. हाली पाच रुपये त्याच्या बायकोच्या हातात दिले. कशाचे ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.